लस पाजा, पण आधी पाडा यादीत घ्या



पावसाळा तोंडावर आला की खामगावापासून डोंगरापर्यंत साथरोगाच्या बैठका सुरू होतात. कॉलऱ्याच्या लसीची मोहीम आखा, असं आता शहाणी माणसं म्हणतात. आमचा लसीला विरोध नाही. ही सुई नव्हे, तोंडानं पाजायची लस आहे. दोन डोस, मध्ये दोन आठवडे. हैदराबादेत बनलेल्या लसीला २००९ साली परवाना मिळाला, त्याआधी ती कलकत्त्याच्या वस्त्यांत पाजून पाहिली. आपल्या देशाच्या नेहमीच्या लसीकरणात मात्र ती अजून नाही.

आमचं भांडण यादीशी आहे. जिथं कॉलऱ्याचे रोगी नोंदले, तिथं लस, असा हिशेब. पण नोंदतं कोण? शौचाचा नमुना तपासाले गेला तरच कॉलरा, नाही तर कागदावर 'गॅस्ट्रो'. जळगाव जामोद-संग्रामपूरकडे वनजमिनीवरचे पाडे महसूल दप्तरात नाहीत. गाव नाही म्हणून हातपंप नाही, म्हणून नाल्यातला झिरा. माणूस रात्रीतून गेला तरी नोंद नाही, आन् नोंद नाही म्हणून लस नाही. मतं मागाले मात्र वाट बरोबर सापडते!

जुलै २०२२ आठवा. चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी, कोयलारी. बिल थकलं म्हणून नळयोजनेची वीज तोडली, लोक उघड्या विहिरीचं पाणी प्याले. अमरावती जिल्ह्यात त्या साथीत पाच माणसं गेली. तिथं लस कमी पडली की पाणी? त्याच वर्षी ऑक्टोबरात जगभर लस अपुरी पडली, साथीच्या जागी दोनाऐवजी एकच डोस देण्याचं ठरलं. म्हणजे लस थोडी, वाटेकरी फार. यादीबाहेरच्याले काय उरणार?

आणखी एक. पावसाआधी पाजायची म्हणून मे महिना धरतील. तेव्हा पाडा रिकामा. माणसं मजुरीले गेलेली, मिरगाले परततात. तारीख आम्हाले विचारून ठरवा.

वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. पिण्याच्या पाण्यासाठी, पाइपलाइनीसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते. 'जंगलात विहीर चालत नाही' म्हणणाऱ्या साहेबापुढे हेच कलम ठेवा.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्यानं घरं, माणसं, पाच वर्षांखालची लेकरं अन् पाण्याची जागा लिहून आणावी. दोन प्रती. एक आरोग्य केंद्रात देऊन पोच घ्यायची, दुसरी पाण्याच्या ठरावाले जोडायची.