कुळाचा अभिमान आणि कुळाची तपासणी

कुळासंबंधी आपल्या भाषेत दोन म्हणी आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट बोलतात. ‘खाण तशी माती’ ही एक. ‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये’ ही दुसरी. आपण सोय पाहून कधी ही, तर कधी ती वापरतो. स्थळ पाहताना पहिली आठवते. एखादा मोठा माणूस झोपडीतून वर आला की दुसरी आठवते. या दोघींचा निवाडा कोणाकडे मागावा? मला वाटते, घोड्यांच्या वंशाचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांकडे मागावा.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीला घोड्यांची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण ‘खानदानी’ हे विशेषण आपण दोघांनाच मोठ्या तोऱ्याने लावतो : माणसाला आणि घोड्याला. इंग्रजांनी तर शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीचे पुस्तकच १७९१ मध्ये छापले. आजचा कोणताही थरोब्रेड नर घ्या, त्याची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकाशी जाऊन मिळते. अरबस्तानातील बेदूइन टोळ्या मात्र घोड्याचे कूळ आईकडून मोजत. कुहैलान, सकलावी ही त्यांच्या घोड्यांच्या घराण्यांची नावे. आणि आपल्याकडे? तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक अंगावरचे भोवरे बारकाईने पाहते. भोवरा शुभ तर किंमत चढली, अशुभ तर उमदे जनावरही पडेल त्या भावाने गेले!

कुळाचा हा सारा अभिमान प्रयोगशाळेत नेऊन तपासणाऱ्यांत अ‍ॅन बोलिंग (१९४३–२०००) या विदुषीचे नाव आदराने घ्यावे लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुआनुवंशिकी प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. कागदावर लिहिलेला बाप हाच शिंगराचा खरा बाप आहे का, हे पूर्वी रक्तगटावरून ठरवीत. पुढे ते डीएनएवरून ठरवू लागले. या स्थित्यंतरात बोलिंगबाईंचा वाटा मोठा होता. विशेष म्हणजे त्या स्वतः अरबी घोड्यांची पैदास करीत. म्हणजे तबेल्यातला अभिमानही त्यांना ठाऊक होता आणि सूक्ष्मदर्शकाची शिस्तही.

२००० साली त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. प्रत्येक प्राण्याच्या पेशीत आनुवंशिक द्रव्याचा एक लहानसा अंश असा असतो की जो फक्त आईकडून येतो. अमेरिकेतील ६२ अरबी घोड्यांचा हा अंश त्यांनी तपासला. कागदोपत्री हे घोडे मातृपरंपरेने ३४ घोड्यांपर्यंत नव्हे, ३४ घोड्यींपर्यंत पोचत होते आणि त्यांतील बहुतेक घोड्या एकोणिसाव्या शतकात बेदूइनांकडून आणलेल्या होत्या. निष्कर्ष दोन निघाले. ज्या १४ मातृशाखांत एकाहून अधिक घोडे तपासता आले, तिथे लेखी नोंदी विश्वासार्ह ठरल्या. परंतु एका घराण्याचे नाव लावणारे सगळे घोडे एकाच मूळ आईचे वंशज असतात, ही जुनी समजूत मात्र शंकास्पद ठरली. मित्रहो, हा भेद लक्षात घ्या. काळजीपूर्वक केलेली नोंद टिकली. नुसते मोठे नाव डळमळले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९६९ मध्ये जन्मलेला ‘इम्प्रेसिव्ह’ हा क्वार्टर हॉर्स जातीचा घोडा. त्याच्या पिळदार शरीराने प्रदर्शने गाजली आणि त्याची संतती मिळवण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. पुढे दिसून आले की या वंशातील कित्येक घोड्यांचे स्नायू एकाएकी थरथरू लागतात, अंगातील बळ जाते, घोडा कोसळतो. १९९२ मध्ये त्याचे कारण असलेला जनुकातील दोष सापडला. दोषाची एक प्रत जरी एका पालकात असली तरी ती निम्म्या शिंगरांत उतरण्याचा संभव असतो. लोक बापाची छाती पाहत होते आणि गोठ्यात आजार येत होता. अखेर २००७ पासून जन्मलेल्या ज्या शिंगरांत दोषाच्या दोन्ही प्रती असतील त्यांची नोंद करायची नाही, असे त्या जातीच्या संघटनेने ठरवले. एवढा विजेता वंश, पण त्यालाही परीक्षेला बसावेच लागले!

यावरून ‘खाण तशी माती’ ही म्हण खोटी ठरते का? नाही. घोड्याचा रंग, बांधा, कित्येक रोग बीजातून येतात. माणसाचेही तसेच आहे. पण खाणीतून काय आले हे खाणीच्या नावावरून कळत नाही, माती तपासूनच कळते. आणि काही गोष्टी तर खाणीतून येतच नाहीत. अक्षरओळख कोणाच्याही बीजात नसते. पंडिताच्या मुलालाही बाराखडी पहिल्यापासूनच गिरवावी लागते. ज्याच्या घरी पुस्तके आहेत त्याला वारसा मिळतो हे खरे. परंतु तो रक्ताचा वारसा नव्हे, कपाटाचा वारसा आहे, आणि कपाट दुसऱ्याच्या घरीही ठेवता येते.

हे मी आवर्जून लिहिते, कारण आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. ‘घरी कोणी शिकलेले आहे का?’ हा प्रश्न माझ्यासारख्यांना वारंवार विचारला जातो. कधी तो आस्थेने असतो. कधी मात्र त्यात ‘मग हिला हे कसे जमणार?’ असा भोवरा पाहण्याचा भाव असतो. घोड्याच्या बाबतीतही जी परीक्षा अपुरी ठरली, ती विद्यार्थ्याला का लावावी?

विद्येचीही वंशावळ असते, पण ती निराळ्या रीतीने चालते. बोलिंगबाईंनी १९९६ मध्ये ‘हॉर्स जेनेटिक्स’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या निधनानंतर अर्नेस्ट बेली आणि समांथा ब्रूक्स या दोन अध्यापकांनी २०१३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती सिद्ध केली. ग्रंथाला वारस मिळाले, ते रक्ताचे नव्हेत, अभ्यासाचे. अध्यापकाच्या पेशाचे थोरपण मला यातच दिसते. तबेल्याचा मालक उत्तम वीण जपून ठेवतो, प्रसंगी लपवून ठेवतो. अध्यापक मात्र आपले सर्वोत्तम ते परक्याच्या मुलांना देऊन टाकतो.

आपल्या देशातही या विषयाला वाव आहे. हिसार येथे राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र आहे. मराठ्यांच्या इतिहासात गाजलेल्या भीमथडीच्या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून या दशकात अधिकृत नोंद झाली. पण या जनावरांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या धनगर वाड्यांवरील आणि घोडेवाल्यांच्या वस्तीवरील मुले या विषयाच्या वर्गात येऊन बसतील तेव्हाच हे ज्ञान पुरे होईल. हाताळणीचे ज्ञान त्यांच्याकडे आहे. तपासणीचे ज्ञान त्यांना मिळायला हवे. आणि आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही आनुवंशिकतेची निदान तोंडओळख अभ्यासक्रमातून व्हावी. कुळ, जात, रक्त हे शब्द आपण इतिहासात, समाजशास्त्रात, साहित्यात रोज वाचतो. त्यांत शास्त्र किती आणि तोरा किती, हे आपल्याला वेगळे काढता आले पाहिजे.

तेव्हा कूळ जरूर विचारावे, पण ते तपासण्यासाठी. वर्गाच्या दाराशी मात्र ते कोणालाच विचारू नये.