डोक्याला लोहचुंबक लावण्याआधी



समजा, तुमच्या घरचा कर्ता माणूस दोन महिन्यांपासून गप्प आहे. पहाटे तीनला जाग येते, ती मग लागत नाही. कपाशीत तण माजले आहे, पण हा धुऱ्यावर नुसता बसून राहतो. पोळ्याला बैलांच्या अंगावर झूल टाकायचेही त्याच्या मनात आले नाही. डॉक्टर म्हणाले, नैराश्याचा आजार आहे. गोळ्या सुरू झाल्या. तेवढ्यात एक पाहुणा सांगतो, "मोठ्या शहरात डोक्याला लोहचुंबक लावून हा आजार बरा करतात." मग ओसरीवर खल सुरू होतो : बैलजोडी विकायची, की वावर गहाण टाकायचे?

दोन्हींपैकी काहीही करण्याआधी आजचे हे पान घरात मोठ्याने वाचा.

पाहुणा खोटे बोलत नाही. हा उपचार खरा आहे. डॉक्टर त्याला टीएमएस म्हणतात. १९८५ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर यांनी असे यंत्र प्रथम माणसावर वापरून दाखवले. २००८ साली अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला परवानगी मिळाली, तीही औषधाने गुण न आलेल्या रुग्णांसाठी. विहिरीवरची मोटर जळली की कारागीर तांब्याची तार नव्याने गुंडाळतो, ते तुम्ही पाहिलेच आहे. तशाच तारेचे वेटोळे कपाळाच्या वरच्या बाजूला, बहुधा डावीकडे टेकवतात. त्यातून थांबून थांबून वीज सोडली की चुंबकशक्ती तयार होते आणि मेंदूचा मंदावलेला भाग जागा होतो. रुग्ण खुर्चीत जागाच असतो. भूल नाही, चीरफाड नाही. टकटक आवाज येतो, म्हणून कानात बोळे देतात. काहींचे डोके दुखते, ते बहुधा थोड्या वेळाने थांबते. हा 'शॉक' नव्हे. तो उपचार वेगळा.

मग आपल्या माणसाला हा उपचार योग्य की नाही, हे कसे ठरवायचे? डॉक्टरांसमोर बसून पाच प्रश्न विचारा.

पहिला : आजार नक्की नैराश्याचाच आहे ना? थायरॉइड बिघडले, रक्त कमी झाले किंवा दारू वाढली, तरी माणूस असाच मलूल होतो. आधी तपासणी करून घ्या.

दुसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा : औषध पुरते घेतले का? पेरल्यावर दुसऱ्या दिवशी माती उकरून कोणी बी उगवले का पाहत नाही. या गोळ्यांना फरक दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज यायला सहा आठवडे. पुष्कळ घरांत आठ दिवसांत गोळ्या बंद होतात आणि 'औषध लागू पडले नाही' असे ठरते. दोन वेगवेगळी औषधे पुऱ्या मात्रेत, पुरे दिवस घेऊनही गुण नसेल, तर चुंबकाचा विचार करावा. गोळ्यांबरोबर समुपदेशनही चालू असावे.

तिसरा : डोक्यात धातूची पट्टी, कानात बसवलेले यंत्र किंवा हृदयाचा पेसमेकर आहे का? फिट येत होती का? हे लपवू नका. चुंबकाने फिट येण्याचा धोका हजारात एकाहूनही कमी आहे, पण आधीच फिटची व्याधी असेल त्याला तो जास्त.

चौथा : रोजचे जाणे निभेल का? आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे, म्हणजे वीस ते तीस खेपा. एक बैठक वीस ते चाळीस मिनिटांची असते. काही ठिकाणी तीन मिनिटांची नवी पद्धतही आहे. पण दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडच्या माणसाला मिनिटांपेक्षा एसटीचे तास मोजावे लागतात. शहरात मुक्काम कोठे, सोबत कोण, इकडे डवरणीला कोण, हे आधी ठरवा.

पाचवा : एकूण खर्च किती, आणि गुण आला नाही तर पुढे काय? एका बैठकीचा नव्हे, सगळ्या खेपांचा आकडा लिहून घ्या. औषधाने न सुधारलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना चुंबकाने बरा फरक पडतो, सुमारे तिसरा हिस्सा जवळजवळ पूर्ण सावरतो. म्हणजे उरलेल्यांचे पैसे जाऊनही आजार राहतो. खात्रीची हमी देणाऱ्यापासून दूरच राहा. कर्जाच्या काळजीने खचलेल्या माणसाच्या डोक्यावर उपचाराचेच नवे कर्ज चढवणे, हा कुठला न्याय?

एक गोष्ट मात्र थांबणारी नाही. माणूस अन्नपाणी सोडतो, मरणाची भाषा करतो, तेव्हा चुंबकाचे आठवडे मोजत बसू नका. त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध कुलपात घाला आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी डॉक्टर विजेचा उपचार सुचवतील, तर घाबरू नका. तो लवकर गुण देतो, आणि २०१७ च्या कायद्याने तो भूल दिल्याशिवाय देता येत नाही.

आणि सुरुवात घराजवळच होते. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलून लोकांना उपचाराची वाट दाखवली. आधी नैराश्याच्या शंभर रुग्णांत चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने सत्तावीस घेऊ लागले. हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. यात चुंबक नव्हते. होते ते कोणीतरी दारात येऊन विचारणे.

तेव्हा आधी आशाताईशी बोला, सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात असा विभाग आहे. रात्री-अपरात्री १४४१६ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

चुंबकाचा रस्ता पुढे आहेच. वेळ आली तर जरूर जा. पण निर्णय घेताना ज्याच्या डोक्याला चुंबक लावायचे, त्यालाही ओसरीवरच्या बैठकीत बसवा. त्याच्यावाचून ठरवू नका.