गृहपाठास साह्य: कोणतें आणि कितपत?

महाविद्यालयीन विद्यार्थी गतिशास्त्राचा आणि अवकल समीकरणांचा गृहपाठ दुसऱ्याकडून करवून घेतात, अशी ओरड आज ऐकूं येते. या ओरडीला आतां यंत्राचेंही निमित्त मिळालें आहे. संगणकास समीकरण सांगावें, क्षणार्धांत उत्तर घ्यावें आणि सुवाच्य अक्षरांत उतरवून काढावें, एवढेंच काम विद्यार्थ्यास उरलें आहे, असें म्हणतात. यावर सुचविला जाणारा उपाय मात्र मोठा विलक्षण आहे: बाहेरचें साह्य घेणें हाच गुन्हा ठरवावा! या उपायास आमचा स्पष्ट विरोध आहे. साह्य मागण्याचा विद्यार्थ्यास पूर्ण हक्क आहे. दोष असलाच तर तो, ज्या प्रकारचें साह्य त्यास मिळतें त्याचा. आणि त्याहूनही अधिक, असल्या साह्यानें सहज भागावें असे प्रश्न काढणाऱ्या प्राध्यापकवर्गाचा आहे.

गणिताचा इतिहास ज्यांनीं ओझरता तरी चाळला आहे, त्यांनीं साह्याच्या नांवानें नाकें मुरडूं नयेत. सोफिया कोवालेव्हस्काया ही रशियन विदुषी १८७० सालीं बर्लिनला गेली, तेव्हां केवळ स्त्री म्हणून विद्यापीठाच्या वर्गांत तिला प्रवेश मिळेना. वायरस्ट्रास या थोर गणितज्ञानें तिला चार वर्षें खासगी रीतीनें शिकविलें. परंतु आधीं तिच्या हातीं कांहीं प्रश्न ठेवले, आणि ते ती कसे सोडविते हें पाहूनच शिकवणी पत्करली. १८७४ सालीं गटिंगेन विद्यापीठानें तिला डॉक्टरेट दिली. त्यासाठीं सादर केलेल्या कामांत आंशिक अवकल समीकरणांवरील प्रबंध होता. १८८८ सालीं दृढ वस्तूच्या परिभ्रमणाचा प्रश्न सोडवून तिनें पॅरिसच्या अकॅडमीचें पारितोषिक मिळविलें. आमचे विद्यार्थी ज्या दोन विषयांपुढें हात टेकतात, तेच हे दोन विषय!

केंब्रिजची गोष्ट तर आमच्या वाचकांस परकी नाहीं. १८९९ सालीं रँग्लर परांजपे ज्या परीक्षेंत पहिल्या क्रमांकाचे मानकरी झाले, ती परीक्षा एकोणिसाव्या शतकांत खासगी शिकवणीवरच पोसली गेली होती. विल्यम हॉपकिन्स यांच्या हाताखालून स्टोक्स गेले, केल्व्हिन गेले, मॅक्सवेल गेले. शिकवणी लावली म्हणून मॅक्सवेलची विद्या उसनी होती, असें म्हणण्याचें धाडस कोणी करील काय?

आतां प्रत्यक्ष उदाहरणच घेऊं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत आहे असें धरून, वरून सोडलेल्या दगडाचें समीकरण मांडा, हा पदवीच्या वर्गांतला जुनापुराणा प्रश्न आहे. वजन खालीं ओढतें, हवा वर ढकलते. एकांतून दुसरें वजा केलें कीं समीकरण तयार. विरोध वाढत वाढत वजनाइतका होत आला कीं दगडाचा वेग वाढेनासा होतो. हा त्याचा अंतिम वेग. तो सेकंदास २० मीटर आहे असें समजा. येथपर्यंत बाजारांतलीं सर्व गाइडें बिनचूक असतात.

आतां तोच दगड सेकंदास २० मीटर वेगानें सरळ वर फेका. दगड वर चालला असतां हवाही त्यास खालींच ढकलते, म्हणून येथें दोन्ही बलांची बेरीज हवी. विरोध नुसत्या वेगाच्या प्रमाणांत असता, तर वेगाचें चिन्ह बदलतांच विरोधाचेंही आपोआप बदललें असतें आणि एकच समीकरण जातां-येतां चाललें असतें. परंतु वर्ग केला कीं ऋण चिन्ह नाहींसें होतें, आणि दिशेची काळजी विद्यार्थ्यासच वाहावी लागते. उतरवून काढणारा मात्र तेंच वजाबाकीचें समीकरण पुढें चालवितो. मग होतें काय? वजन आणि विरोध एकमेकांस खाऊन टाकतात, वेग बदलतच नाहीं, आणि दगड सेकंदास २० मीटर या एकाच वेगानें आकाशांत जात राहतो! २५ मीटरनें फेकला असता तर त्याचा वेग चढतांना उलट वाढतच गेला असता. बरोबर समीकरण सांगतें कीं, २० मीटरनें फेकलेला दगड सुमारें १४ मीटर उंच जातो, आणि हातीं परत येतो तेव्हां त्याचा वेगही सेकंदास सुमारें १४ मीटरच उरलेला असतो. न परतणारा दगड वहींत उतरवून विद्यार्थी निर्धास्त झोपीं जातो, यांतच सारें आलें.

येथें यंत्रास दोष देऊं नये. त्यास जें समीकरण दिलें तें त्यानें चोख सोडविलें. आजचीं यंत्रें शाब्दिक प्रश्नावरून समीकरणही मांडून देतात आणि पुष्कळदां बरोबर मांडतात, हें आम्ही जाणतों. पण तें बरोबर आहे कीं नाहीं हें ज्यास ओळखतां येत नाहीं, त्याला बरोबर उत्तर मिळालें काय अन् चुकीचें मिळालें काय, सारखेंच.

अशा विद्यार्थ्यास साह्य कसें करावें? संपूर्ण उत्तर लिहून देणें सोपें आहे. देणाऱ्यास कीर्ति, घेणाऱ्यास गुण. 'स्वतः कर' म्हणून त्यास हांकलून देणें त्याहूनही सोपें, आणि त्याला शिस्त असें भारदस्त नांव आहे. कठीण तें तिसरें: त्याची वही उघडून, 'दगड वर जात असतां हवा त्याला कोणीकडे ढकलते?' एवढेंच विचारणें आणि मग गप्प बसणें. गप्प बसणें मनुष्यमात्रास जड जातें. प्राध्यापकांस तर विशेषच. साह्य मागणाऱ्यानेंही कोरी वही घेऊन येऊं नये. कोणतीं बलें धरलीं, कोणती दिशा धन मानली, नेमकें कोठें अडलें, हें त्यानें दाखवावें. वायरस्ट्रासनें तरी याहून निराळें काय मागितलें होतें?

परंतु विद्यार्थ्यानें हें सारें करावें तरी कशासाठीं? 'पुढील समीकरण सोडवा' या शब्दांनीं सुरू होणाऱ्या प्रश्नांवरच त्यास पास होतां येतें. समीकरण आयतें, रीत ठरलेली, उत्तर पुस्तकाच्या शेवटीं. मॅथेमॅटिका ही प्रणाली १९८८ सालीं बाजारांत आली; असलें काम तेव्हांपासून यंत्रें करीत आहेत, आणि आम्ही अजून त्यालाच दहापैकीं दहा गुण देत बसलों आहों.

वर्गांत ऐंशी विद्यार्थी, प्रत्येकाची परीक्षा कोण घेणार, असें व्यवसायबंधु म्हणतील. आठवड्यास पांच जणांस फळ्यापाशीं बोलवावें. सोळा आठवड्यांत ऐंशी होतात. त्यांचाच गृहपाठ त्यांच्या पुढें ठेवून विचारावें, हें चिन्ह ऋण कां? दगड परत कधीं येतो? सांगतां आलें, तर तो गृहपाठ मित्रानें समजावला, शिकवणीच्या मास्तरांनीं कीं यंत्रानें, ही चौकशी करण्याचें कारण उरत नाहीं. न आलें, तर एकही अक्षर कोणास न विचारतां लिहिलेलें असलें तरी गुण राखून ठेवावे, आणि पुढच्या आठवड्यांत त्यासच पुन्हां बोलवावें.