ठिपक्यांवरून ओळखा मासा!

बालमित्रांनो, गर्दीत आपला मित्र तुम्ही चेहऱ्यावरून ओळखता. पण समुद्रातला एखादा मासा कसा ओळखणार?

व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. पूर्ण वाढला की एस.टी. बसएवढा लांब! त्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. आपल्या बोटांच्या ठशांसारखी ही नक्षी प्रत्येक माशाची वेगळी, बरं का!

पश्चिम ऑस्ट्रेलियात निंगालू इथे पोहायला येणारे प्रवासी साध्या कॅमेऱ्याने या माशांचे फोटो काढतात. कुणी जवळून, कुणी लांबून. मग ते जुळवायचे कसे? १९८६ साली एडवर्ड ग्रोथ यांनी आकाशाच्या फोटोंतले तारे जुळवण्याची रीत मांडली होती. २००५ साली तीच रीत संशोधकांनी माशांना लावली. संगणक तीन-तीन ठिपके जोडून त्रिकोण करतो. फोटो लहान असो की मोठा, त्रिकोणाचे कोन तेच राहतात!

म्हणजे माशाला न पकडता, न दुखवता कळतं, की गेल्या वर्षीचाच पाहुणा परत आलाय. हे कळायलाच हवं, कारण व्हेल शार्कची संख्या घटली आहे. आपल्या अरबी समुद्रातही तो येतो. भारतात २००१ पासून त्याच्या शिकारीला बंदी आहे.

करून पाहा: कागदावर पाच ठिपके काढा. घरातल्या मोबाइलने अगदी समोरून दोन फोटो घ्या, एक जवळून, एक लांबून. दोन्हींत तेच तीन ठिपके निवडा आणि कोनमापकाने कोन मोजा. तिरका फोटो घेतला तर काय होतं, तेही बघा हं!