अंतिम म्हणजे नक्की किती अंतिम?



गेले दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. कारण काही नाही, आळस. पण आज डोकं तापलंय, आणि ते काही आमच्या अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात बुडी मारून तापलेलं नाही.

झालं असं की शनिवारी रात्री ऐरोलीहून घरी पोचायला साडेदहा वाजले. (भिवंडी ते अंबाडी नाका या प्रवासावर एक वेगळा लेख पाडता येईल. असो.) जेवून हात धुतो तोच आतेभावाचा फोन. चिरंजीव इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत.

"दादा, वन पंच मॅनचा तिसरा सीझन पाहिलास का? काय माती केलीय रे!"

"दुसरा संपला तेव्हा 'पुढचा लवकर आणा' म्हणून तूच नाचत होतास ना?"

"तेव्हा मी सातवीत होतो, दादा."

गप्पच बसलो. कारण सातवीत नसूनही मी तेच करत होतो. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, व्हायवाच्या आदल्या रात्री!

ज्यांना काहीच कळलं नाही त्यांच्यासाठी: ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका. तुमच्या घरातलं पोरगं ज्या डोरेमॉन-शिनचॅनपायी जेवत नाही, ते ॲनिमेच. मोठ्यांच्या मालिका साधारण बारा-तेरा भागांच्या तिमाहीत येतात. कधी एक तिमाही, कधी लागून दोन. बहुतेक मालिका मांगा म्हणजे जपानी चित्रकथेवरून काढतात. प्रकाशक, चॅनल, म्युझिक कंपनी, खेळणीवाले असे सगळे मिळून पैसे घालतात, त्याला प्रॉडक्शन कमिटी म्हणतात. चित्रं काढणारा स्टुडिओ बऱ्याचदा या कमिटीचा नोकरच असतो. म्हणजे आपल्या भाषेत क्लायंट आणि व्हेंडर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुद्द्यावर येतो. मी गेली बारा-तेरा वर्षं ॲनिमे बघतोय आणि माझं स्पष्ट मत आहे की सीझनचे शेवट बिघडायला कमिटीइतकेच आपण फॅन लोक जबाबदार आहोत. आपल्याला पुढचा सीझन लवकर हवा असतो. तो पूर्ण असला पाहिजे असं आपण कधी म्हणतच नाही. मग मिळतं काय? लवकर आलेलं अर्धवट.

पहिलं उदाहरण, अटॅक ऑन टायटन. पहिला सीझन २०१३ मध्ये आला, पंचवीस भाग. दुसऱ्यासाठी चार वर्षं थांबलो, २०१७ मध्ये बारा भाग आले. तिसरा २०१८ आणि २०१९ असा दोन तुकड्यांत. इथपर्यंत ठीक. मग डिसेंबर २०२० मध्ये आला 'द फायनल सीझन'. स्टुडिओ बदलला, विट जाऊन मापा आला. सोळा भाग झाले, मार्च २०२१ आला, गोष्ट काही संपली नाही. कळलं की फायनल सीझनचा भाग दोन येणार. तो जानेवारी ते एप्रिल २०२२ मध्ये आला, बारा भाग. तरी संपली नाही. मग फायनल सीझनचेच 'फायनल चॅप्टर्स', तेही दोन तुकड्यांत: पहिला मार्च २०२३, दुसरा नोव्हेंबर २०२३. म्हणजे 'अंतिम' म्हणवणारा सीझन जवळजवळ तीन वर्षं चालला. ऑफिसात आमच्या शेअर्ड फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल_नवीन', 'फायनल_नवीन_हेच_वापरा' अशा फायली असतात, त्याची आठवण झाली. फरक इतकाच की आम्ही त्या फायलींचे पोस्टर छापत नाही :-)

आता तुम्ही म्हणाल, वेळ लागला तर लागला, तूच तर म्हणतोस पूर्ण हवं. बरोबर! उशिराबद्दल माझी तक्रारच नाही. उलट उशिराचा फायदा झाला. मूळ मांगा एप्रिल २०२१ मध्ये संपली तेव्हा एरेन आणि आर्मिनच्या शेवटच्या संभाषणावर जगभर बोंबाबोंब झाली होती. ॲनिमेचा शेवट येईपर्यंत मध्ये अडीच वर्षं गेली आणि लेखक हाजिमे इसायामाने तेच संभाषण ॲनिमेसाठी पुन्हा लिहिलं. माझ्या मते ते मूळपेक्षा कितीतरी चांगलं झालंय. त्या रविवारी मी ते ओटीवर बसून बघितलं (घरात नेटवर्कची एकच दांडी येते) आणि शेवटी शांत बसून राहिलो. माझा राग आहे तो नावावर. २०२० मध्ये 'अंतिम' असं लिहून तिकडे ओढायचं आणि २०२३ पर्यंत दारात उभं करायचं, हे बरोबर नाही. पण आम्ही काय केलं? प्रत्येक तुकड्याला दहापैकी दहा दिले. मी पण दिले. खोटं कशाला बोलू.

दुसरं उदाहरण याच्या बरोबर उलटं. द प्रॉमिस्ड नेव्हरलँड. पहिला सीझन २०१९ चा, बारा भाग. अनाथाश्रमातली मुलं पळून जायचा बेत आखतात आणि शेवटच्या भागात खरंच पळतात. बाहेरचं जग अजून बघायचंय, प्रश्न शंभर शिल्लक आहेत, पण जे सुरू केलं होतं ते संपवलं. त्याला म्हणतात सीझनचा शेवट! मग २०२१ मध्ये दुसरा सीझन, अकरा भाग. मांगा २०२० मध्येच वीस खंडांत पूर्ण झाली होती. म्हणजे 'गोष्ट अजून लिहून व्हायचीय' ही सबबही नव्हती. तरी मांगातला गोल्डी पाँडचा अख्खा भाग गाळला, जो वाचकांच्या सगळ्यात लाडक्या भागांपैकी एक होता. आणि शेवट? चक्क एकामागून एक स्थिर चित्रं, लग्नाच्या व्हिडिओत शेवटी फोटो सरकतात तशी. वीस खंडांतली उरलेली गोष्ट अशी गुंडाळली. ज्याने पहिला सीझन मला बघायला लावला होता त्या मित्राला मी फोन केला. तो म्हणाला, "दुसरा आलाच नाही असं समज." तेव्हापासून आम्ही दोघं तसंच समजतो.

आता आतेभावाचा प्रश्न. तो म्हणाला, "दादा, वन पंच मॅनचा दुसरा २०१९ ला आला, तिसरा २०२५ ला. सहा वर्षं थांबलो तरी लोक शिव्याच घालतायत. मग थांबून काय उपयोग झाला?"

मुद्दा बिनतोड वाटतो, पण नाहीये. प्रेक्षकाने किती वर्षं वाट बघितली आणि काम करणाऱ्यांना किती महिने मिळाले, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. आयटीवाल्यांना हे सांगायला नको. माझ्या आधीच्या एका नोकरीत (नाव नको) एक प्रोजेक्ट दोन वर्षं नुसता मीटिंगमध्ये फिरत होता आणि एक दिवस अचानक 'गणपतीच्या आधी लाइव्ह' असं ठरलं. सात आठवडे मिळाले. गणपतीत घरी आरती चालू आणि मी लॅपटॉप घेऊन मागच्या पडवीत. आई ताट घेऊन आली आणि काही न बोलता ठेवून गेली, ते अजून आठवतं. क्लायंट मात्र सगळीकडे सांगत होता, 'दोन वर्षं दिली तरी बग आहेतच!'

म्हणून २०२३ मध्ये जुजुत्सु कायसेनचा दुसरा सीझन चालू असताना त्याच्या ॲनिमेटर लोकांनी उघडपणे सोशल मीडियावर वेळापत्रकाबद्दल लिहिलं, तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. पुन्हा तोच मापा स्टुडिओ, आणि तेच वर्ष, ज्यात टायटनचे 'फायनल चॅप्टर्स' पण तिथूनच बाहेर पडत होते. आणि आपण काय करत होतो? दर आठवड्याला 'या भागात चित्रं थोडी कच्ची वाटली' म्हणून गुण कापत होतो, आणि त्याच श्वासात 'तिसरा सीझन कधी?' विचारत होतो. क्लायंट म्हणजे दुसरं काय असतं हो? आपणच ते.

यावर एक नेहमीचं उत्तर येतं: 'धंदा आहे, गरम तव्यावर पोळी भाजायलाच हवी, लोक विसरून जातात.' साफ खोटं. फुलमेटल अल्केमिस्ट घ्या. २००३ मध्ये पहिली मालिका आली, तेव्हा हिरोमु अराकावाची मांगा अर्धीही झाली नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःचा वेगळा शेवट रचला, ५१ भागांत. तो वाईट नव्हता, पण एका गोष्टीचे दोन रस्ते झाले. मग २००९ मध्ये 'ब्रदरहूड' नावाने पहिल्यापासून पुन्हा केली, ६४ भाग, आणि २०१० च्या उन्हाळ्यात मांगा आणि ॲनिमे जवळजवळ बरोबरच संपले. आज कोणालाही विचारा 'एकच ॲनिमे बघायचा तर कुठला', दहातले पाच तरी हेच नाव घेतील. विसरले का लोक?

अलीकडचं पाहिजे? फ्रीरेन. पहिला सीझन मार्च २०२४ मध्ये २८ भागांवर संपला. मारामारी सत्ताविसाव्या भागाच्या आधीच आटोपली होती. शेवटच्या भागात परीक्षा दिलेली माणसं एकमेकांचा निरोप घेतात आणि आपापल्या वाटेला लागतात, बस्स. प्रवास बाकी आहे, पण परीक्षेची गोष्ट पुरी झाली. मला पुढच्या सीझनची ओढ लागली, पण भूक मारल्यासारखं वाटलं नाही. दुसरा यायला जवळजवळ दोन वर्षं गेली, जानेवारी २०२६ उजाडला, आणि कोणी मेलं नाही!

आणि याच्याविरुद्ध डीमन स्लेअर. २०२४ चा सीझन आठ भागांचा. सगळी तयारी करून ऐन लढाईच्या दारात आणून सोडलं आणि सांगितलं की पुढचं थिएटरात, तीन सिनेमांत. पहिला भारतात १२ सप्टेंबर २०२५ ला लागला. मी गेलो, आवडला, शिट्ट्याही मारल्या. पण अकलोलीहून ठाण्याला जाऊन, तिकीट काढून, रात्री परत यायचं म्हणजे काय हे मला विचारा. आमच्या शेजारचा दहावीतला पोरगा, ज्याने सगळे सीझन मोबाईलवर बघितले, तो दारातच राहिला. त्याच्या लेखी तो सीझन म्हणजे एका लांबलचक जाहिरातीहून जास्त काय होता?

हे फक्त जपानचं दुखणं आहे असंही नाही. आमची आजी 'रात्रीस खेळ चाले'ची पक्की भक्त. २०१६ चा पहिला, अण्णा नाईकांच्या मरणापासून सुरू झालेला. तो संपल्यावर २०१९ मध्ये दुसरा आला तेव्हा आजीने विचारलं, "मेलेला म्हातारा परत कसा आला रे?" मी सांगितलं, ही आधीची गोष्ट आहे, अण्णा जिवंत असतानाची. तिने मान डोलावली आणि पुढे शेवंतासकट सगळं मन लावून बघितलं, कारण खरंच सांगण्यासारखं काहीतरी शिल्लक होतं. २०२१ मध्ये तिसरा लागला. अण्णा आणि शेवंता आता भुतं होऊन वाड्यात! पंधरा दिवसांनी आजी उठून आत गेली. "संपलं म्हणाले होते ना? मग संपलं," एवढंच म्हणाली. तिने ना रेटिंग दिलं, ना हॅशटॅग चालवला. पण माझ्या सगळ्या दहापैकी दहांपेक्षा ती समीक्षा प्रामाणिक होती.

तर यापुढे मी स्वतःला तीन नियम घालून घेतोय.

१. सीझनला गुण त्या सीझनमध्ये जे सुरू केलं ते संपवलं की नाही, यावरच. 'पुढच्या सीझनमध्ये सगळं कळेल' याला शून्य गुण. पुढचं पुढे कळेल तेव्हा पुढच्याला देऊ.

२. शेवटची पाच मिनिटं भारी होती म्हणून आधीच्या अकरा भागांची पापं माफ नाहीत. डोळे दिपवणारी मारामारी म्हणजे शेवट नव्हे.

३. 'पुढचा कधी?' हा प्रश्न बंद. कितीही वेळ घ्या, पण पुरं करून आणा.

हे वाचून कमिटीवाले उद्या सुधारणार नाहीत, मला माहीत आहे. टोकियोत कोण मराठी वाचतंय! पण गिऱ्हाईक अर्धवट माल डोक्यावर घेऊन नाचतंय तोपर्यंत दुकानदार पुरा माल कशाला देईल?

आतेभावाला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो पाऊण मिनिट गप्प होता. मला वाटलं, पटलं. मग म्हणाला, "ते सगळं ठीक आहे दादा, पण वन पंच मॅनचा चौथा कधी येईल रे?"

ठेवला फोन.