खेळातील डौल

भातकापणी उरकली, मळणी झाली आणि खळ्यावरचे धान्य घरात आले, की सावित्री नदीच्या दोन्ही काठांवरील खाचरे मोकळी होतात. पावसाळ्यात ज्या जमिनीत पाय रुतत असतो, तीच जमीन हिवाळ्यात कठीण होते. मग गावची मुले धसकटे काढतात, ढेकळे फोडतात, पाणी शिंपडून जमीन चोपतात आणि तिच्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेषा आखतात. महाड आणि पोलादपूर या रायगड जिल्ह्यातील डोंगराळ तालुक्यांत कबड्डीचे मैदान असे तयार होते. मागच्या पिढ्या या खेळास हुतुतू म्हणत. आता मोठे सामने मॅटवर होतात. तरी खेळाची पहिली ओळख अजूनही बहुतेकांना मातीवरच होते.

अशा मैदानावर एक गोष्ट वारंवार दिसून येते. एक गडी चढाईला जातो. तो मांडीवर जोराने थाप मारतो, इकडून तिकडे धावतो, हात फेकतो, धडपडतो आणि एक गुण घेऊन परततो. त्याच्यानंतर दुसरा गडी जातो. तो दोन पावले डावीकडे टाकतो, क्षणभर थबकतो, मग त्याचा उजवा पाय लांबतो आणि प्रतिपक्षाच्या गड्याला काय घडले हे कळण्याच्या आत तो मध्यरेषेच्या अलीकडे आलेला असतो. गुण दोघांनाही एकच मिळतो. परंतु सामना संपल्यावर घराकडे जाणारे लोक बोलतात ते दुसऱ्याविषयी. 'काय डौल आहे त्याच्या खेळात!' असे उद्गार कोणाच्याही तोंडून सहज निघतात. हा डौल म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

पुष्कळांची अशी समजूत असते, की डौल ही शरीराच्या ठेवणीची देणगी आहे. उंच, सडपातळ, लांब हातापायांचा गडी पाहिला, की तो डौलदार खेळेल असे लोक गृहीत धरतात. दुसरी समजूत याहूनही अधिक पसरलेली आहे. तिच्याप्रमाणे डौल म्हणजे दिमाख. केसांची विशिष्ट ठेवण, गुण मिळताच केलेले हावभाव, प्रेक्षकांकडे टाकलेला कटाक्ष, या गोष्टींना मुले डौल समजतात. 2014 मध्ये कबड्डीची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली आणि हा खेळ दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचला. खेळाच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट होय. तथापि पडद्यावर पाहिलेल्या थापा आणि हावभाव मुले एका संध्याकाळीत शिकतात. पडद्यावरच्याच खेळाडूने पाऊल कोठे टाकले, हे मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही. डौलाची ही चुकीची कल्पना दूर होणे अगत्याचे आहे.

कबड्डीची रचना पाहिली, तर डौलाचे मूळ कोठे आहे हे समजू लागते. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असते; स्त्रियांचे 12 मीटर लांब व 8 मीटर रुंद. चढाई करणाऱ्या गड्याला मैदानाचा अर्धाच भाग मोकळा असतो आणि त्या भागात सात जण त्याची वाट पाहत असतात. त्याला जास्तीत जास्त तीस सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात एकाच दमात 'कबड्डी' हा शब्द अखंड उच्चारीत त्याला आत जायचे असते, कोणाला तरी स्पर्श करायचा असतो आणि परत यायचे असते. पुरुषांच्या सामन्यात मध्यरेषेपासून निदानरेषा पावणेचार मीटरवर असते. कोणास स्पर्श न करता परतावयाचे असेल, तर गड्याने निदान ती रेषा तरी ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद होतो. जागा थोडी, वेळ थोडा, दमही मोजका. अशा ठिकाणी एकही हालचाल वाया घालविणे परवडत नाही. जो गडी नको ते पाऊल टाकत नाही, नको तेव्हा हात उचलत नाही आणि आपल्या शरीराचा तोल ज्या बाजूला हवा त्याच बाजूला ठेवतो, त्याचा खेळ पाहणाऱ्याला सुंदर वाटू लागतो. सौंदर्य निर्माण करावे असा त्याचा हेतू नसतो. अनावश्यक ते सर्व गळून पडले, की जे उरते तेच सुंदर दिसते.

येथे मराठी भाषेने केलेली एक निवड लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्रजीत खेळाडूच्या पायांच्या हालचालीस जो शब्द आहे, त्याचा साधा अर्थ 'पायांचे काम' एवढाच होतो. मराठीत त्याच गोष्टीला 'पदलालित्य' असे म्हणतात. एका भाषेला तेथे काम दिसले, दुसरीला लालित्य दिसले. वस्तुतः दोन्ही एकच आहेत. पायांचे काम चोख झाले, की त्यालाच लालित्य हे नाव मिळते.

डौलाचे दुसरे लक्षण म्हणजे घाई नसणे. वेळ सर्वांना सारखाच मिळतो. परंतु काही खेळाडूंना तो अधिक मिळाला आहे असे वाटते. हरियाणाचा अनुप कुमार हा याचे उत्तम उदाहरण होय. भारताने 2016 मध्ये अहमदाबाद येथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इराणला 38 विरुद्ध 29 गुणांनी हरविले, तेव्हा संघाचा नायक तोच होता. चढाईच्या वेळी तो पुष्कळदा जवळजवळ उभाच असल्यासारखा दिसे. चेहऱ्यावर ताण नसे, प्रसंगी स्मितही असे. प्रतिपक्षाचा एखादा गडी अधीर होऊन एक पाऊल पुढे आला, की तेवढेच त्याला पुरेसे होई. चढाईत घाई करणाऱ्याला समोरचे सात जण एकच गर्दी म्हणून दिसतात. शांत राहणाऱ्याला त्या सातांतील एकाची चूक दिसते. म्हणून शांतपणा हा डौलाचा केवळ अलंकार नसून त्याचे कारण आहे.

मग हा गुण येतो कोठून? याचे उत्तर शोधण्यासाठी महाड-पोलादपूरच्या मुलांना दूर जाण्याची आवश्यकता नाही. डोंगरउतारावरून डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन येणारी स्त्री पाहावी. वाट अरुंद, खाली सुटे दगड. तरी तिची मान हलत नाही आणि पाऊल चुकत नाही. भारा सारखा हिंदकळू लागला, तर तिला घर गाठणे कठीण होईल, म्हणून तिच्या शरीराने नको त्या सर्व हालचाली टाकून दिलेल्या असतात. आषाढात भाताची लावणी करणाऱ्या हातांची लय पाहावी. महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्यात उंच सासनकाठी नाचविणारा मनुष्य पाहावा. काठीचे टोक आभाळात डोलत असते, पण तिचा तोल खाली त्याच्या कमरेत आणि टाचांत असतो. यांपैकी कोणीही लोकांनी आपल्याला डौलदार म्हणावे यासाठी हे काम शिकलेले नाही. वर्षानुवर्षे तेच काम केल्यामुळे त्यांच्या अंगी डौल आला आहे. खेळाडूच्या बाबतीतही हेच खरे आहे. जी चढाई सहज घडल्यासारखी वाटते, तिच्यामागे पहाटेच्या अंधारात गाळलेला घाम असतो. सहजता ही कष्टांची शेवटची पायरी होय.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. खेळ हा जिंकण्यासाठी असतो. गुणफलकावर डौलाला स्थान नाही. मग त्याची एवढी चर्चा कशाला? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. जगाच्या क्रीडाइतिहासातील एक प्रसंग या बाबतीत विचार करावयास लावतो. 1974 च्या फुटबॉल विश्वचषकात हॉलंडचा संघ स्वीडनविरुद्ध खेळत होता. हॉलंडचा योहान क्रायफ याने चेंडू पुढे मारण्याचा आविर्भाव केला. परंतु तो न मारता पायाच्या आतल्या बाजूने स्वतःच्याच उभ्या पायामागून ओढून घेतला आणि तो उलट दिशेला वळून निघून गेला. त्याला अडविणारा खेळाडू भलत्याच बाजूस झुकलेला राहिला. त्या वळणातून गोल झाला नाही. तो सामनाही 0-0 असा बरोबरीत सुटला. परंतु त्या वळणाला क्रायफचे नाव मिळाले आणि पन्नास वर्षांनंतरही जगभरची मुले ते मैदानावर गिरवीत असतात. गुणफलकावर शून्य राहिले. लोकांच्या स्मरणात मात्र ते वळण राहिले.

तथापि या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना हॉलंडने 1 विरुद्ध 2 गोलांनी गमावला. पश्चिम जर्मनीचा विजयी गोल गेर्ड म्युलर याने केला. म्युलर ठेंगणा, जाड मांड्यांचा होता. त्याला डौलदार खेळाडू असे सहसा कोणी म्हणत नसे. चेंडू त्याच्या किंचित मागे राहिला, तेव्हा तो जागच्या जागी वळला आणि त्याने जमिनीलगत फटका मारला. मग डौल हरला काय? वरवर पाहता तसे वाटते. परंतु त्या एवढ्याशा जागेत म्युलरने केलेली एकही हालचाल अनावश्यक नव्हती. डौलाची जी कसोटी वर सांगितली, ती लावली तर म्युलरचा तो गोलही तिला उतरतो. उंची आणि सडपातळ बांधा यांच्याशी डौलाचे नाते जोडणाऱ्यांना तो दिसत नाही, एवढेच. ठेंगण्या मुलाने निराश होऊ नये, हा धडा त्या अंतिम सामन्यातून घेण्यासारखा आहे. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे, की सुंदर खेळणारा नेहमी जिंकतोच असे नाही. डौल म्हणजे विजयाची हमी नव्हे.

डौलाचे आणखी एक अंग आहे आणि ते सर्वांत अवघड आहे. ते म्हणजे प्रतिपक्षाशी वागण्याची रीत. फ्रान्सचा झिनेदिन झिदान याच्याइतका मोहक फुटबॉल फार थोड्यांनी खेळला असेल. 2006 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना हा त्याचा अखेरचा सामना होता. जादा वेळेत त्याने संतापाच्या भरात इटलीच्या एका खेळाडूच्या छातीवर डोक्याने धडक मारली आणि त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. फ्रान्स तो सामना पेनल्टी फटक्यांवर हरला. पायांना आयुष्यभर साथ देणारा तोल मनाने एका क्षणात गमावला. शरीराचा डौल मनाच्या आधारावाचून किती कच्चा असतो, हे त्या दिवशी सर्व जगाने पाहिले.

कबड्डीत तर ही परीक्षा क्षणोक्षणी होते, कारण हा खेळच स्पर्शाचा आहे. चढाई करणारा स्पर्शाने बाद करतो आणि बचाव करणारे घट्ट पकडीने त्याला रोखतात. येथे कोणी कोणापासून दूर उभे राहू शकत नाही. महाडच्या भूमीवर तर या गोष्टीला विशेष अर्थ आहे. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, असे मानणाऱ्या रूढीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 20 मार्च 1927 रोजी याच नगरीतील चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या नगरीच्या परिसरातील मुले जेव्हा एकमेकांचे हात धरून साखळी करतात, तेव्हा हाताला हात लावताना कोणी कोणाची जात विचारू नये, हे त्या खेळाचे पहिले मागणे असते. सात जणांच्या साखळीतील एका हाताने जरी संकोच केला, तरी साखळी तुटते. प्रतिपक्षाची पकड करताना त्याचा पाय मुरगळू न देणारा आणि शिट्टी वाजताच त्याला हात देऊन उठविणारा गडी हाच खरा डौलदार गडी होय. त्याचे हे वागणे गुणफलकावर लिहिले जात नाही, तरी ते त्याच्या खेळाचाच भाग असते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. डौल ही काही भाग्यवंतांना जन्मतः मिळालेली ठेव नाही. त्यासाठी उंच बांधा लागत नाही, भारी पोशाख लागत नाही, की प्रेक्षकांची गर्दीही लागत नाही. नको ते टाकून देण्याची सवय, घाई न करण्याचे धैर्य, पुष्कळ कष्ट आणि समोरच्या माणसाविषयी आदर, एवढ्यांवर तो उभा राहतो. ज्या मुलाला खेळात पदलालित्य साधावयाचे असेल, त्याने मांडीवरची थाप शिकण्यापूर्वी पाऊल टाकण्यास शिकावे. आणि ज्याला खेळाडू व्हावयाचे नसेल, त्यानेही हा धडा उपयोगात आणावा. सुवाच्य अक्षर, नांगराची सरळ तास, नेमके बोलणे या सर्वांत तोच डौल असतो. पुन्हा पाऊस येतो, खाचरे पाण्याने भरतात आणि फक्कीच्या रेषा पुसल्या जातात. परंतु त्या रेषांच्या आत कमावलेला तोल ज्याच्या अंगी मुरला, तो त्याला जन्मभर साथ देतो.