आरोग्याचा प्रश्न आणि राजकीय पक्ष

निवडणुका जवळ आल्या म्हणजे आमच्या बेळगाव-निपाणी भागात भाषेवर सभा होतात, उसाच्या दरावर होतात, रस्त्यांवर आणि पाण्यावरही होतात. आरोग्याची आठवण मात्र बहुधा एखादे शिबिर भरविण्यापुरती किंवा पुढाऱ्याच्या नावाची रुग्णवाहिका गावास अर्पण करण्यापुरतीच होते. हे दान आहे आणि दात्याचे आभार अवश्य मानावेत. परंतु दान म्हणजे पक्षाचा कार्यक्रम नव्हे. खिशात पैसा असो वा नसो, प्रत्येक नागरिकास उपचार मिळालाच पाहिजे, हे वचन पक्षाने आपल्या जाहीरनाम्याच्या आरंभी घालावे, असे आमचे मत आहे.

आजार आगीसारखा असतो. तो कोणाच्या घरी केव्हा येईल, हे सांगता येत नाही. पण आग लागली तर सारी गल्ली घागरी घेऊन धावते. आजारात प्रत्येक घर एकटेच पोळते. म्हैस विकली जाते, दागिने गहाण पडतात आणि थोरल्या मुलीची शाळा सुटते. आम्हां शिक्षकांस हे हजेरीपटावर दिसते. जे संकट कोणावरही येऊ शकते, त्याचा भार सर्वांनी मिळून उचलावा, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

आमच्या देशात हा विचार नवा नाही. भोर समितीने 1946 सालीच, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारास मुकू नये, हे तत्त्व मांडले होते. राज्यघटनेच्या 47 व्या कलमानेही सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. परंतु हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत मोडते, आणि ती तत्त्वे न्यायालयाकडून सक्तीने अमलात आणविता येत नाहीत. मग ती अमलात आणावयाची कोणी? अर्थातच मतदारांनी, आणि त्यांच्या वतीने राजकीय पक्षांनी.

पक्षाने मनावर घेतले तर काय घडते, याचे उदाहरण इंग्लंडचे आहे. महायुद्धाने कर्जबाजारी झालेल्या त्या देशात मजूर पक्षाने 5 जुलै 1948 रोजी सर्वांसाठी आरोग्यसेवा सुरू केली. हुजूर पक्षाने संसदेत त्या विधेयकाविरुद्ध मतदान केले होते. पण 1951 साली सत्ता हाती आल्यावर त्यानेही ती सेवा मोडली नाही. लोकांच्या अंगवळणी पडलेला हक्क काढून घेण्याचे धाडस कोणताही पक्ष सहसा करीत नाही. आपल्याकडे राजस्थानच्या विधानसभेने 2023 साली आरोग्याच्या हक्काचा कायदा संमत केला, तोही खासगी डॉक्टरांच्या संपास तोंड देऊन.

आता आमच्या भागाकडे वळू. निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटरांवर, तर बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर आहे. रुग्ण जवळच्या गावी धावणार, हे उघड आहे. पण आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे वाटेत सीमा आडवी येते. 2023 साली महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांस लागू करण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटक शासनाने त्यास आक्षेप घेतला. सीमेचा वाद 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निवाडा तेथे होईल. पण तोवर तापाने फणफणलेल्या मुलाने थांबावे काय? आमच्या घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड बोलली जाते. कण्हणे मात्र तिन्हींकडे सारखेच ऐकू येते.

कर्नाटकातही 2018 पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तथापि अशा योजनांचा भर रुग्णालयातील मोठ्या उपचारांवर असतो. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या किंवा तंबाखूच्या वखारीत धूळ खाऊन जडलेला खोकला यांची काळजी गावातील दवाखान्यानेच घ्यावयास हवी. विडी कामगारांसाठी 1976 साली कल्याण निधीचा कायदा झाला. पण त्या निधीसाठी घेतला जाणारा उपकर 2017 साली रद्द झाला. एकेका धंद्यापुरती सोय अशी परावलंबी असते. सर्वांचा हक्क असेल तर तो राखणारेही सर्वच असतात.

पैसा कोठून आणावा, असा आक्षेप येईल. पैसा आजही खर्च होतोच. फक्त तो घराघरांतून, अत्यंत अडचणीच्या वेळी आणि व्याजाने काढून होतो. तमिळनाडूने 1994 साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापून, एकत्र खरेदी केल्यास औषधे स्वस्त पडतात, हे दाखवून दिले आहे. सरकारी दवाखाने वाईट असतात, हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे. पण ज्यांच्या शब्दाला वजन आहे ते तेथे जात नाहीत, हेही त्याचे एक कारण आहे. सर्वांची वाट तेथूनच जाऊ लागली, तर डॉक्टरची रिकामी खुर्ची फार दिवस रिकामी राहणार नाही.

1981 साली तंबाखूच्या दरासाठी याच निपाणीच्या शेतकऱ्यांनी महामार्ग अडविला आणि गोळ्या झेलल्या. पिकाच्या दरासाठी एकवटणारा समाज प्राणांच्या प्रश्नावर मुका राहावा, हे आम्हांस पटत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण तीन-चार वर्षांत मतदार व्हाल. दारी येणाऱ्या उमेदवारास, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, तीन प्रश्न विचारा. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि औषधे रोज असतील काय? अपघातातील जखमीस अनामत रकमेवाचून दाखल करून घेतले जाईल काय? सीमेपलीकडचे रुग्णालय जवळ असेल, तर तेथे उपचार होऊन हिशेब दोन्ही शासने आपसांत मिटवितील काय? या तिन्हींस होकार देऊन जो पक्ष तो जाहीरनाम्यात लेखी घालील, त्याच्या पाठीशी उभे राहा. आणि निवडणुकीनंतर तोच कागद घेऊन त्याच्या दारी जा.